भोलूचं कार्ड

गार्डन रीच कॉलनीतल्या ऑफिसच्या या क्वार्टरचा ताबा घेताना आम्ही यादीवर सही केली होती. पंखे पाच, गीझर एक, कपाटं तीन. यादीत नसलेला भोलू कुत्रा त्यावर फुकट मिळाला. आधीच्या साहेबांचा, म्हणे त्यांच्याही आधीच्या साहेबांचा. तपकिरी, गुबगुबीत, शेपूट कायम हलती. सोबत प्लास्टिकच्या पाकिटात त्याचं लसीचं कार्ड.

गेल्या गुरुवारी कालिंदीनं त्याचा वाडगा उचलला आणि भोलूनं तिच्या अंगठ्याजवळ दात लावले. दोन टिपके. रक्त आलं न आलं. कालिंदी आमच्याकडे स्वयंपाकाला येते, रोज बजबजहून लोकलनं. मला बौदी म्हणते, म्हणजे वहिनी.

"बौदी, सुई घ्यावी लागेल का?"

मी तोंड उघडायच्या आत हेमंतनं, माझ्या नवऱ्यानं, कार्ड आणलं. "हे बघ. दरवर्षीचा शिक्का. यंदाचाही आहे, मार्चचा. आणि कुत्र्याकडे बघ, तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

ती हसली. नवऱ्याला दाखवायला म्हणून हेमंतनं कार्डाचा फोटोही तिच्या मोबाइलवर पाठवला. आणि मी काय केलं? हळद लावली. माझ्या मुलाला, शौनकला चावला असता तर मी हळदीचा डबा शोधत बसले असते? चप्पल न घालता दवाखाना गाठला असता.

पाच दिवस भोलू खात होता, खेळत होता, शौनकचे गाल चाटत होता. काल, बुधवारी सकाळी तो भुंकला आणि तो आवाज त्याचा नव्हता. घोगरा, मध्येच चिरकणारा. पाण्यात तोंड घातलं, पण पाणी घशाखाली उतरेना. मागचे पाय लटपटत होते. मी शौनकला आत ओढलं, मागच्या अंगणाचं दार लावलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

"हात लावू नका, माणसं पाठवतो. लस दिलीय?"

"दिलीय. कार्ड आहे हातात."

"वय?"

कार्डाचा वरचा भाग मी पहिल्यांदाच वाचत होते. "जन्म दोन हजार सात."

"अहो, मग दात तरी उरलेत का त्याला?"

दात होते. पांढरेशुभ्र, सगळेच्या सगळे. कार्डावर त्याखाली रंग लिहिला होता: काळा.

हेमंत आंघोळ करून बाहेर आला. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. "हा कुठला कुत्रा?"

"आधीचा भोलू असेल. या क्वार्टरच्या कुत्र्याला सगळे भोलूच म्हणतात."

"आणि मार्चचा शिक्का?"

तो टॉवेलनं कान पुसत राहिला.

"हेमंत, शिक्का कुठून आला?"

"ऑफिसनं कुत्र्यांच्या लसीचा कॅम्प ठेवला होता. प्यूनबरोबर कार्ड पाठवलं, शिक्का मारून आलं. सगळे तेच करतात गं. उन्हात कुत्रं कोण नेणार?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला.

"बौदी, भात अर्धा कच्चा..."

"मरू दे भात. हात धू. साबणानं, पंधरा मिनिटं. मग हॉस्पिटलात जायचंय."

शौनकसह आम्ही चौघं सरकारी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा रांग दारापर्यंत होती. आमचा नंबर लागेपर्यंत दोन तास गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, डोळे तारवटलेले. मी भोलूचं सगळं सांगितलं. आवाज, पाणी, पाय.

"लस सगळ्यांनाच लिहिते," ती म्हणाली. "पण लस लागू पडेपर्यंत वाचवणारं, जखमेत द्यायचं रेबीजचं सिरम आज दोघांपुरतंच उरलंय आणि बाहेर पाच जण आहेत. कुत्र्याला लस होती?"

कालिंदीनं मोबाइल पुढे केला. चेहऱ्यावर केवढा भरवसा! डॉक्टरनं फोटो मोठा करून पाहिला.

"मार्चमध्येच दिलीय की. मग दुसराही आजार असू शकतो, कुत्र्यांच्या डिस्टेंपर आजारातही पाय असे लटपटतात. हिला नुसती लस पुरे. सिरम बाहेरच्यांना ठेवते."

मी हेमंतकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. मी बोलणारच होते, पण ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं. म्हटलं, तीन मोजते, त्यापुढे एक क्षण नाही. एक. दोन.

"डॉक्टर, ते कार्ड या कुत्र्याचं नाही." हेमंत म्हणाला. "कार्डावरचा कुत्रा मेलाय. शिक्का मीच मारून घेतलाय."

कालिंदी वळली. "दादाबाबू?" एवढंच म्हणाली.

"हे लिहून द्या," डॉक्टर म्हणाली. "नाव, हुद्दा, सही."

हुद्द्यापाशी त्याचं पेन थांबलं. मग त्यानं लिहिलं.

सिरमची सुई त्या दोन टिपक्यांतच टोचतात. कालिंदीनं माझं मनगट असं आवळलं की हाड दुखलं. ओरडली नाही. नंतर हळूच म्हणाली, "बौदी, वाचेन ना?"

उत्तर डॉक्टरनं दिलं. "उशीर झालाय, पण आलीस. पुढच्या तिन्ही सुया चुकवू नकोस. एकही नाही."

मग ती हेमंतकडे वळली. "तुमच्या कॉलनीत अशी कार्डं किती कुत्र्यांची आहेत?"

बाकावर शौनक स्वतःचा गाल पुसत बसला होता, पुन्हा पुन्हा.

"सगळ्यांची," हेमंत म्हणाला.