पन्नास इंचांची वाट

यंदा जूनमध्ये हॅरो तळ्यावर जायचं, असं व्हर्लिन ऑस्ट्रमने मार्चमध्ये एकदा सांगितलं आणि अर्लिस कामाला लागली. पक्षाघातानंतर नवरा तोडून तोडून बोलायचा. दिवसातून मोजकी वाक्यं यायची, त्यातलं एक त्याने तळ्यावर खर्च केलं होतं. डॉक्टर तर साफ म्हणाले होते, "पुढच्या उन्हाळ्याचं मी काही बोलणार नाही." म्हणजे जायचं तर याच वर्षी, नाहीतर राहिलंच.

इडाहोच्या त्या सरकारी जंगलात व्हर्लिनची सत्तावीस वर्षं गेली होती. बर्फ वितळलं की त्याच्या क्लबची मंडळी चारचाकी मोटारसायकलींवर वर जायची आणि वाटेवर पडलेली झाडं कापून रस्ता मोकळा करायची. अर्लिस खाली, वाटेच्या तोंडाशी, मुक्कामाच्या तळावर थांबायची. पंधरा माणसांसाठी बीन्स आणि मक्याचा पाव रांधायचा, कॉफी गरम ठेवायची आणि संध्याकाळी इंजिनांचा आवाज ऐकू आला की मोजायचं, सगळे आले का. तळं तिने कधी पाहिलंच नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "पाणीच ना? पाहिलंय मी पाणी."

स्वयंपाकघराच्या भिंतीवर जंगल खात्याचा जुना नकाशा होता, त्यावरून तिने बेत आखला. व्हर्लिनला मोटारसायकलवर टांग टाकणं आता शक्य नव्हतं. त्याला पाठीला टेकू आणि कमरेला पट्टा हवा. तशी, जंगलवाटेवर चालणारी दोन सीटची उघडी गाडी ड्वेनकडे होती. ड्वेन म्हणजे क्लबातला जुना दोस्त, हात मदतीला कायम पुढे आणि तोंड त्याच्याही पुढे. ठरलं असं की ड्वेन व्हर्लिनला घेऊन येईल आणि अर्लिस व्हर्लिनच्या जुन्या चारचाकी मोटारसायकलवरून पुढे जाऊन वाटेत झाडं पडलीत का ते बघेल.

त्यासाठी व्हर्लिनने तिला शिकवायला घेतलं. सासष्टाव्या वर्षी तिने मागच्या शेतात ते धूड चालवलं, दोनदा कुंपणात घातलं. व्हर्लिन पडवीतल्या खुर्चीवरून ओरडायचा, "ब्रेक! ब्रेक, बाई!" राग आला की त्याचे शब्द बरे फुटायचे. जेवताना तो तिच्याकडून वळणं म्हणून घ्यायचा.

"दुसरा ओढा."

"ओढ्यानंतर डावीकडे धरायचं. उजवीकडे दलदल."

"आणि खडक?"

"खडकाच्या वरून. अरे, शाळा आहे का ही? मी पुढे असले तरी तुम्ही मागे आहातच की!"

"परत सांग," तो म्हणायचा.

मेअखेर ती नवा नकाशा आणायला जंगल खात्याच्या कचेरीत गेली. खरं तर हे काम पहिलं करायला हवं होतं. तो नकाशा दरवर्षी निघतो, फुकट मिळतो आणि तोच कायदा असतो. वाटेवर पाटी असो नसो, नकाशात जे नाही ते बंद. पण तिकडे जन्म काढलेली माणसं नवा नकाशा बघत नाहीत, भिंतीवरच्या जुन्यावरच विश्वास ठेवतात. अर्लिसनेही तेच केलं होतं.

टेबलामागच्या मुलीने हॅरोच्या वाटेवर बोट ठेवलं. "ही आता पन्नास इंचांपर्यंतच्याच गाड्यांना खुली आहे, मॅडम. तुमची किती रुंद?"

"चौसष्ट," अर्लिस म्हणाली. "माझ्या नवऱ्याला चालता येत नाही. त्याच्यासाठी काही सवलत?"

"या वाटेवर नाही हो. कोणालाच नाही. क्लबनेच तसं मागितलं होतं. रुंद गाड्यांनी तळ्याकाठचं ओलं कुरण उखडलं होतं." मुलीने फाइल काढली आणि सहज पत्र दाखवलं. खाली सही होती, व्हर्लिन ऑस्ट्रम, अध्यक्ष. नऊ वर्षांपूर्वीची.

कोणीतरी तोंडात मारल्यासारखी अर्लिस गाडीत येऊन बसली. पन्नास इंची दोन सीटच्या गाड्याही निघतात, म्हणून तिने तिथूनच चार ठिकाणी फोन केले. एक सापडली, पण तिच्यात व्हर्लिनचा ताठ झालेला पाय मावण्यासारखा नव्हता.

घरी ड्वेन आलेलाच होता. ऐकून तो हसला. "एवढंच ना? वाटेच्या तोंडाशी पन्नास इंचांच्या अंतरावर दोन लोखंडी खांब आहेत. त्यांचे नट मीच आवळलेत. दहा मिनिटांत काढतो, येताना परत बसवतो. वर कोण फुटपट्टी घेऊन बसलंय? अस्वल?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला.

"अरे बाबा, एकदाच! तुझ्यासाठी!"

"प्रत्येकाचं... एकदाच असतं." एवढं बोलून त्याला धाप लागली. ड्वेनने टोपी घातली आणि तो निघून गेला.

अर्लिस उभीच होती. "तुला माहीत होतं."

व्हर्लिनने मान डोलावली.

"मार्चपासून माहीत होतं! मग मला का राबवलंस? कुंपणात घातलंस, वळणं पाठ करून घेतलीस. कशाला?"

तो बराच वेळ शब्द गोळा करत होता. तिने मदत केली नाही, कारण ती भयंकर चिडली होती.

"तू जायचंस," तो शेवटी म्हणाला. "तू पाहिलं नाहीस. मी कधी... नेलं नाही."

"सत्तावीस वर्षांत सुचलं नाही तुला? आता सुचतंय?" तिचा आवाज फाटला. "मला तुझं तळं नको होतं, व्हर्लिन. मला तुझ्या शेजारी बसायचं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा उजवा हात उठत नव्हता. तिने बाहीने पुसलं, जरा जोरातच, आणि मग तिथेच त्याच्या खुर्चीच्या हाताशी बसून रडली. आठ दिवस ती जाणार नाही म्हणत होती. नवव्या दिवशी तिने टायरमध्ये हवा भरली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ड्वेनने त्यांना वाटेच्या तोंडाशी नेलं. व्हर्लिनला त्यांनी घडीच्या खुर्चीत सावलीला बसवलं, गुडघ्यांवर कांबळं टाकलं, थर्मास जवळ ठेवला. अर्लिसने हेल्मेट घातलं आणि इंजिन चालू केलं. दोन खांबांच्या मधून ती हळूच पलीकडे गेली. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन बोटं जागा उरली होती.

"अर्लिस!"

तिने इंजिन बंद करून मागे पाहिलं. व्हर्लिन खुर्चीत पुढे झुकला होता. चेहरा पांढरा पडला होता.

"किती... किती वाजता येशील?"

दर उन्हाळ्यात, याच जागी उभी राहून, तिने त्याला हेच विचारलं होतं. आणि दर वेळी तो हात उडवून म्हणाला होता, "येईन तेव्हा येईन." ते उत्तर आत्ता तिच्या जिभेवर होतं. ते द्यायचा तिला पुरेपूर हक्क होता, आणि व्हर्लिनलाही तेच आठवलं असावं, कारण त्याने नजर खाली वळवली.

"तीनला," अर्लिस म्हणाली. "बरोबर तीनला मी इथे असेन. ऐकलंस ना?"

त्याने डाव्या हाताने उजवं मनगट उचलून मांडीवर ठेवलं, घड्याळ दिसेल असं. मग ती गेली.