किल्लेदाराची बायको

किल्लेदार रंगमंचावर आला आणि शोभाबाईला तो पहिल्या पावलातच आवडला नाही. छाती पुढे, हनुवटी वर, बोलण्याआधी मिशीवरून हात. खरं तर तो तिचा नवराच होता. कचेरीतले हेडक्लार्क माणिकराव. गुलबर्ग्याच्या मराठी मंडळींनी त्या वर्षी एक जुनं गाजलेलं नाटक बसवलं होतं आणि मुख्य काम माणिकरावांकडे आलं होतं. तालमी कचेरीतच व्हायच्या, त्यामुळे नाटकात काय आहे हे शोभाबाई त्या रविवारी दुपारी पहिल्यांदाच बघत होती.

शेजारच्या पार्वतीबाईनं तिला कोपरानं ढोसलं. पार्वतीबाईचा नवरा पडद्याआड बसून वाक्यं सांगत होता.

“तुमच्या मालकाचा रुबाब बघा की, अक्का! खरा किल्लेदारच वाटायलाय.”

“घरातबी असंच चालतेत,” शोभाबाई म्हणाली.

पार्वतीबाई हसली. शोभाबाई हसली नाही.

पहिल्या अंकात राजा किल्लेदाराला एवढंच म्हणाला, की जपून राहा. त्यावर यानं तलवार उपसून शब्द दिला: सूर्य मावळल्यावर गडाचा दरवाजा कुणासाठीही उघडणार नाही, मग दाराशी माझं रक्त उभं असलं तरी. पुरुषांच्या रांगांतून टाळ्या पडल्या. शोभाबाईला वाटलं, याला एवढं कुणी मागितलं होतं?

मध्यंतरात पार्वतीबाईनं रुमाल काढून ठेवला. “पुढं लई रडू येतंय बगा. लई दुःखी माणूस हाय तो.”

“कशाचा दुःखी? त्याला कोण काय केलंय?”

शेवटच्या अंकात किल्लेदाराचा मुलगा आला. शत्रू मागावर, अंगावर जखमा, आणि सूर्य नुकताच मावळलेला. दाराबाहेरून तो हाका मारू लागला. आत किल्लेदार छातीवर हात ठेवून उभा राहिला आणि बापाचं काळीज आणि दिलेला शब्द यांवर बोलू लागला. खूप वेळ बोलला. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले.

शोभाबाईनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

मागल्या चैत्रात यशोधरा अशीच दाराशी आली होती. त्यांची एकुलती एक मुलगी. त्याच्या वर्षभर आधी तिनं मन्नाएखेळ्ळी गावच्या सिद्धाप्पाशी नोंदणी कचेरीत जाऊन लग्न केलं होतं. हमरस्त्यावर पंक्चर काढायचं दुकान चालवणारा धनगराचा पोरगा. माणिकराव त्या दिवशी जेवले नव्हते. “ज्यांच्या विहिरीवर माझा बाप रिकामी घागर घेऊन ताटकळला, त्यांच्या घरात माझी पोरगी? आपण तो धर्म सोडून बौद्ध झालो कामून मग? मेली ती मला.” त्यांच्या बापाचं ताटकळणं खरं होतं. ते आठवलं की माणिकरावांचा आवाज अजून कापायचा.

चैत्रात नववा महिना लागल्यावर यशोधरा पहिल्या बाळंतपणाला जीपनं माहेरी आली. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. माणिकराव दाराला पाठ लावून उभे राहिले. बाहेरून यशोधरा “बाबा” म्हणाली नाही, “आई” म्हणाली. शोभाबाई मधल्या खोलीत तोंडात पदर कोंबून उभी होती. थोड्या वेळानं जीप सुरू झाल्याचा आवाज आला. परतीच्या वाटेवरच कळा लागल्या. मुलगा झाला, तो रडलाच नाही.

रंगमंचावर आता किल्लेदाराची बायको पुढे आली. शाळेतल्या एक बाई ते काम करत होत्या. त्या दाराजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि पदरात तोंड घालून हुंदके देऊ लागल्या. शोभाबाईची नजर किल्लेदारावरून सुटली आणि त्या बायकोवर जाऊन बसली. पुठ्ठ्याच्या दरवाजाची कडी तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

शोभाबाई उठून उभी राहिली.

“अगं बाई, रडत कामून बसलीस? कडी तुझ्या हाताशी हाय! तू उघड की!”

मागच्या रांगांतून हसू फुटलं. शाळेतल्या बाईंनी दचकून वर पाहिलं. माणिकरावांना ती कुठे उभी आहे ते दिसलं आणि ते पुढचं वाक्य विसरले. पडद्याआडची कुजबुज दोनदा सगळ्यांना ऐकू आली, तेव्हा कुठे त्यांनी ते म्हटलं. मग मुलगा मेला, आणि टाळ्याही पडल्या.

घरी आल्यावर माणिकरावांच्या ओठावर मिशीचा डिंक तसाच होता.

“चारचौघात माझी इज्जत घालवलीस.”

“मी किल्लेदाराच्या बायकोला बोलले. तुमाला न्हाई.”

“त्या माणसाचं मोठेपण तुला कळलंच न्हाई. काळजावर दगड ठिवतो तो!”

“दगड त्यानं ठिवला. मेलं कोण?”

माणिकराव नखानं ओठावरचा डिंक खरवडू लागले. मग म्हणाले, “पोरीकडं गेलीस तर हे दार तुलाबी बंद.”

“अजून एक शब्द दिलाव का? बरं.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती मन्नाएखेळ्ळीवरून जाणाऱ्या जहीराबादच्या गाडीत बसली. नाटकाचा पुढचा प्रयोग बिदरला झाला. माणिकरावांचं काम तिथे फार रंगलं, असं पार्वतीबाईनं नंतर सांगितलं.

मन्नाएखेळ्ळीला सिद्धाप्पा एका ट्रकच्या चाकाशी वाकला होता. यशोधरा दुकानामागे कपडे धूत होती. आईला बघून ती उठली नाही.

“आता कामून आलीस?”

“कडी मला काढता येत होती,” शोभाबाई म्हणाली.

“ठाव हाय मला. आत तुझ्या बांगड्या वाजायलत्या. ऐकू येत होतं.”

शोभाबाईनं एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून ठेवल्या.

सासू म्हाळसाबाई चहा घेऊन बाहेर आली. तिनं अंगाला पदर लपेटून घेतला, शोभाबाईपासून चार हात लांब कप जमिनीवर ठेवला आणि मागे सरून उभी राहिली. माणिकराव खोटं बोलत नव्हते. शोभाबाई कपाकडे बघत राहिली, पण वाकली नाही.

यशोधरानं ओले हात लुगड्याला पुसले. सासूच्या देखत कप उचलला आणि आईच्या हातात दिला. मग जवळच पडलेल्या एका जुन्या टायरवर ती बसली. आईकडे पाठ करून, पण बसली.