वल्लरीचा उंट

तिलक नगरमधल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी काही मुलं मराठी शिकायला येतात. कुणाचे वडील बँकेत किंवा विम्यात, कुणाची आई डॉक्टर. घरी मराठी असते, पण शहर हिंदी आणि शाळा हिंदी-इंग्रजीची. त्यामुळे वाक्य मराठीत सुरू होतं आणि मध्येच एखादं 'मतलब' येऊन बसतं. मी टोकत नाही. टोकलं की मुलं बोलायचीच थांबतात.

नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी त्याने आपली ओळख करून द्यायची. नाव, छंद, आवडीच्या गोष्टी. बदली होऊन कुणी निघालं की शेवटच्या रविवारी उरलेल्यांनी त्याची ओळख सांगायची आणि जाणाऱ्याने नुसतं ऐकायचं. ही पद्धत मुलांनीच पाडली आहे.

वल्लरी गेल्या वर्षी दिवाळीनंतर आली. वय दहा. वडील बँकेत, लखनौहून बदलून आलेले. तिने वेणी मागे टाकली आणि अगदी गंभीरपणे सुरुवात केली.

"मी वल्लरी. माझा छंद उभ्याने झोपणे. आवडता पदार्थ अंगाला लावायचा साबण, लिंबाचा. माझ्याकडे एक उंट आहे. तो बनी पार्कच्या एका गल्लीत भाड्याच्या खोलीत राहतो, कारण आमचे घरमालक पाळीव प्राणी ठेवू देत नाहीत."

मुलं हसून लोळली. अनुया तर उंट यायच्या आधीच हसायला लागली होती. तिची सवयच तशी. विनोद पुढे कुठे जाणार हे तिला आधी दिसतं की काय, कोण जाणे.

मग दर रविवारी उंटाची खबर येऊ लागली. उंट राजा पार्कच्या बाजारात कचोरी खायला गेला, तिखट लागली म्हणून रडला. मोती डुंगरीच्या चढणीवर त्याला दम लागला. निनाद त्याचं नाव विचारायचा आणि दर वेळी नवं नाव मिळायचं. अनुयाने वल्लरीशेजारची जागा कधी सोडली नाही. ती तिला पाण्याची बाटली द्यायची, तिची पेन्सिल तासून द्यायची आणि घरी निघताना हळूच म्हणायची, एक तरी खरं सांग ना. वल्लरी तिला उंटाचं सांगायची.

जानेवारीतल्या एका रविवारी वल्लरीच्या बाबांना न्यायला यायला उशीर झाला. मी मटार सोलत होते, तिलाही बसवलं. मी काही विचारलं नव्हतं, तिनेच सांगायला सुरुवात केली. लखनौला तिची मधुमती नावाची मैत्रीण होती. दोघी एकमेकींना सगळं सांगायच्या. इथे आल्यावर आधी रोज फोन व्हायचा, मग रविवारी, मग मधुमती उचलेनाशी झाली.

"माझं सगळं तिला माहीत आहे," वल्लरी शेंगेकडे बघत म्हणाली. "मतलब, माझं सगळं तिच्याकडेच राहिलं. आता उंटच बरा."

मी सोललेल्या दाण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली. बाबा येईपर्यंत ती एकेक दाणा खात राहिली.

मे महिन्यात बदलीची ऑर्डर आली, गुवाहाटीची. इतक्या लवकर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. शेवटच्या रविवारी मुलं ओळख सांगायला बसली. निनादने उंटाची सगळी नावं घेतली. कैवल्यने साबण कसा खातात ते करून दाखवलं. सगळे खूप हसले. मग अनुया उभी राहिली.

"मला हिच्याबद्दल काहीच माहीत नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

वल्लरी थोडा वेळ सतरंजीचा सुटलेला धागा ओढत राहिली. जाणाऱ्याने बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. तरी ती उठली.

"मी वल्लरी. मला गार वरण-भात आवडतो. सामानाचा ट्रक गेला की रिकाम्या खोलीत मी मोठ्याने गाते, कारण तेव्हा रडू येतं. इथे सकाळी मोर ओरडायचे, त्याची मला भीती वाटायची. आता वाटत नाही, तर तिकडे मोर नसतील." मग ती अनुयाकडे वळली. "तू गोष्ट संपायच्या आधीच हसतेस. ते मला सगळ्यात जास्त आवडतं."

कुणी हसलं नाही.

फाटकापाशी अनुयाने वल्लरीकडे तिच्या आईचा नंबर मागितला. वल्लरीने तो अनुयाच्या तळहातावर पेनाने लिहून दिला आणि म्हणाली, "नको करू फोन. मतलब, केलास तर मग बंद नको करू."

अनुयाने बंद केला नाही. पावसाळाभर तिच्याकडून मला तिकडच्या बातम्या कळत होत्या. वल्लरीला तिथे मोठी शाळा मिळाली, ती नाच शिकायला लागली, कुणी दोन मैत्रिणी झाल्या. मग वल्लरीची आई म्हणू लागली, ती खेळायला गेली आहे, नंतर करते. पुढे पुढे फोन नुसताच वाजायचा. राखीनंतर अनुयाने तो विषय काढला नाही, आणि मीही विचारलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा राघव नावाचा नवीन मुलगा आला. त्याला सगळे कळावेत म्हणून सगळ्यांनीच आपापली ओळख सांगितली. अनुयाची पाळी आली.

"मी अनुया," ती म्हणाली. "मला लिंबाचा साबण खायला आवडतो. आणि माझ्याकडे एक उंट आहे."

राघव मोठ्याने हसला. निनाद आणि कैवल्य माझ्याकडे बघू लागले. राघवने उंटाचं नाव विचारलं, तिने एक नवंच नाव सांगितलं.

मुलं गेली. अनुयाचं घर मागच्याच गल्लीत आहे, पण मी तिला थांबवून घेतलं. त्या दिवशी मटार आणलेलेच होते. पसाभर शेंगा तिच्यापुढे ठेवल्या आणि शेजारी बसले. ती मान खाली घालून सोलत राहिली. मीही सोलत राहिले. वाटी हळूहळू भरत होती, आणि मला कसलीच घाई नव्हती.