सूर आणि बंधू

दुकानाच्या पाटीवर ‘सूर आणि बंधू’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं, आणि सूर नावाचं माणूस त्या घराण्यात कधी जन्मालाच आलेलं नव्हतं. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, तुमच्यात सूर कोण? थोरले चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगायचे, “सूर अजून लागायचाय. तोवर नुसते बंधू आहोत.” हा विनोद त्यांनी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला.

बंधू दोनच. थोरले आणि धाकटे. नोकरमाणसांनी पाडलेली ही नावं घरातही रुळली, आणि थोरले वारले, धाकट्यांची कवळी आली, तरी ते धाकटेच राहिले. थोरल्यांची जीभ आणि धाकट्यांचे कान, एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहिला. जिन्याखालच्या जागेत ग्रामोफोनच्या सुया विकण्यापासून सुरुवात झाली. मग रेकॉर्डी आल्या. थोरले गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवत आणि धाकटे मागे बसून प्रत्येक रेकॉर्ड कानाखालून घालत. चरा असलेली रेकॉर्ड त्यांनी कधी विकू दिली नाही, त्यावरून थोरल्यांची बोलणी खाल्ली, पण ऐकलं नाही. जिन्याखालून दुकान रस्त्यावर आलं, मग स्टेशनापाशी दुसरं निघालं, कॉलेजसमोर तिसरं. पुढे तर थोरल्यांना शाखा काढायचं वेडच लागलं. ज्या गावात दोन सलून आणि एक थिएटर दिसेल तिथे ‘सूर आणि बंधू’ची पाटी लागू लागली.

शाखा काढायची त्यांची एक रीत होती. नव्या दुकानाची कपाटं भरायला ते पहिल्या दुकानातला न खपणारा माल उचलून न्यायचे. भरल्या कपाटाला गिऱ्हाईक भुलतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ‘सूर आणि बंधू’ची प्रत्येक शाखा जगात कुणालाच नको असलेल्या रेकॉर्डींवर उभी राहिली. टंकलेखनाचे धडे, पोटाचे व्यायाम, तीन तासांचं एक भाषण. एकाच कपाटातलं भंगार गावोगाव मुलीसारखं नांदायला जायचं. या रीतीनंच धाकट्यांचा घात केला.

झालं असं, की थोरल्यांनी कुठूनसं एक जुनं यंत्र मिळवलं. काचेच्या दाराची एक खोली, खोली कसली, कपाटच ते. आत उभं राहून बोलायचं आणि बाहेर तबकडीवर आवाज कोरला जायचा. लोकांनी आपापले आवाज भरून नातेवाइकांना पाठवावेत, अशी कल्पना. पण आधी यंत्र चालतं का, हे पाहायला हवं होतं. त्या वेळी धाकट्यांची बायको दुकानात आली. ती रोजच संध्याकाळी यायची. दुकान बंद व्हायची वेळ टळून जायची आणि चार टोळभैरव रेकॉर्डी ऐकत बसलेले असायचे, धाकटेही त्यांच्यातलेच. ती आली की सगळ्यांना हाकलायची आणि नवऱ्याला घेऊन घरी जायची. थोरल्यांनी तिलाच त्या कपाटात उभं केलं. काय बोलू, तिनं विचारलं. रोज बोलतेस तेच बोल, थोरले म्हणाले.

ती बोलली: “चला, आता घरी जा सगळे. उरलेलं उद्या ऐका. गाणं कुठं पळून जात नाही, आणि घरी कुणीतरी वाट बघतंय.”

शेवटच्या शब्दावर तिला हसू फुटलं. कारण काचेबाहेर धाकट्यांनी एक रिकामं कव्हर उघडून टोपीसारखं डोक्यावर घातलं होतं आणि ते सैनिकासारखे ताठ उभे होते. धाकट्यांनी आयुष्यात केलेल्या मोजक्या आचरटपणांपैकी हा एक. तिनं हसू दाबलं, ते नाकातून सुटलं, आणि तेवढ्यात तबकडी संपली.

त्या तबकडीला कव्हर नव्हतं. कव्हर नसलेल्या रेकॉर्डीला दुकानात ‘बेघर’ म्हणायचे, आणि बेघर रेकॉर्ड उघडी ठेवायची नाही हा धाकट्यांचाच नियम. त्यांनी ती ‘पक्ष्यांचे आवाज’ नावाच्या कव्हरात सारली. वर गुबगुबीत पारव्याचं चित्र. आतली रेकॉर्ड केव्हाच फुटली होती, आणि पक्ष्यांचे आवाज विकत घ्यायला कोण येतंय? यापेक्षा सुरक्षित जागा दुकानात नव्हती, असा त्यांनी हिशेब केला. पुढच्याच महिन्यात थोरल्यांनी एकदम दोनतीन शाखा उघडल्या आणि न खपणारा माल टेम्पोत भरून वाटून टाकला. पारवा कुठल्या गावाला उडाला, ते टेम्पोवाल्यालाही सांगता येईना.

धाकटे हळहळले. बायकोला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, “असू दे. मी आहे ना इथे.” तेही खरंच होतं. जिवंत माणूस रोज येऊन हाकलत असताना तबकडी कशाला शोधायची? यंत्रही लवकरच बिघडलं, त्या कपाटात झाडू ठेवू लागले.

मग ती गेली. दुखणं लांबलं नाही, एवढीच काय ती दया. मूलबाळ नव्हतं. फोटो होते, साड्या होत्या, तिच्या हातची भरतकामाची उशी होती. पण धाकटे कानांचे माणूस. त्यांना चेहरा आठवायचा आणि आवाज आठवायचा नाही. ज्या माणसानं हजारो गळे नुसत्या पहिल्या श्वासावरून ओळखले, त्याला बायकोचा आवाज मनातसुद्धा लावता येईना. ते संध्याकाळी दुकान बंद करून एकटे घरी जायचे, कुलूप काढायचे, आणि आत गेल्यावर किती शांत आहे हे कळू नये म्हणून चपला मुद्दाम आपटायचे. एवढं केल्यावरही शांत ते शांतच.

तेव्हापासून ते सगळ्या शाखांना फोन करू लागले. सकाळी, दुकान उघडायच्या वेळी, कारण बंद करायच्या घाईत कुणाला त्रास नको. प्रश्न एकच: पारव्याच्या चित्राची, पक्ष्यांच्या आवाजाची रेकॉर्ड आहे का? उत्तर एकच: नाही. म्हाताऱ्याला पक्ष्यांचा नाद लागला, अशी शाखाशाखांतून कुजबुज झाली. खरं कारण धाकट्यांनी कुणालाही सांगितलं नाही. बायकोचा आवाज हरवला म्हणणं त्यांना लाजिरवाणं वाटायचं. या भिडस्तपणाला काय म्हणावं? भीड भिकेची बहीण, हे उगाच नाही म्हणत.

धंद्याला उतरती कळा लागली ती पुढे. कॅसेट आली तेव्हा नव्याचे नऊ दिवस म्हणून थोरल्यांनी नाक मुरडलं, आणि दहाव्या दिवशी नव्यानं जुन्यालाच बाहेर काढलं. कॅसेटनंतर सीडी, सीडीनंतर लोकांच्या खिशातला फोन. शाखा एकेक करून मिटू लागल्या. थोरल्यांनी प्रत्येक पाटी उतरताना जिवाला लावून घेतलं आणि अर्ध्या पाट्या उतरायच्या आत स्वतःच गेले. बंद झालेल्या शाखेचा उरलेला माल खोक्यांतून पहिल्या दुकानात परत यायचा. सगळे सुतकी चेहरे करून उभे असायचे आणि धाकटे शर्टाच्या बाह्या सारून खोकी फोडायचे. घराण्याचा धंदा बुडत होता आणि या एका माणसाला आत कुठेतरी उत्सुकता वाटत होती. त्यांना स्वतःचीच शरम वाटायची, तरी हात थांबायचे नाहीत. टंकलेखनाचे धडे परत आले, पोटाचे व्यायाम परत आले, ते भाषणही प्रत्येक गावाहून बिनचूक परत आलं. पारवा आला नाही.

शेवटी पहिलं दुकान आणि लांबची एक शाखा, एवढंच उरलं. ती शाखा एक बाई चालवायच्या. थोरल्यांनी त्यांना अगदी शेवटी शेवटी नेमलं होतं, त्यामुळे घरच्या माणसांशी त्यांची ओळख फोनपुरतीच. त्यांचाही फोन आला, की आता गुडघे साथ देत नाहीत, गिऱ्हाईकही नाही, बंद करू या. धाकटे म्हणाले, खोकी पाठवू नका, मी येतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्या शाखेत जात होते.

बस उशिरा पोचली. दुपार कलली होती. दुकान अरुंद आणि लांब होतं, कपाटं अर्धी रिकामी, आणि बाईंनी सगळं नीट बांधून ठेवलं होतं. धाकट्यांनी इकडचं तिकडचं न बोलता खोक्यांना हात घातला. बाई समजूतदारपणे बाजूला झाल्या. तळाच्या खोक्यात, टंकलेखनाच्या धड्यांखाली, त्यांच्या बोटांना जाड जुना पुठ्ठा लागला. पारवाच होता, कडा कुरतडलेला, पण तोच. त्यांनी कव्हर उघडलं. आत काही नव्हतं.

ते खोक्यावरच बसले. बाईंनी पाणी आणून दिलं. पुढच्या बाजूला एक म्हातारा आणि त्याची नात दुकान शेवटचं बघायला म्हणून आले होते, ते उगाच कपाटं चाळत होते. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि काउंटरमागून, सवयीनं, आवाज चढवून म्हणाल्या:

“चला, आता घरी जा सगळे. उरलेलं उद्या ऐका. गाणं कुठं पळून जात नाही, आणि घरी कुणीतरी वाट बघतंय.”

आणि शेवटच्या शब्दावर, दाबलेलं, नाकातून सुटलेलं हसू.

धाकट्यांनी मान वर केली. गळा बाईंचा होता, पण चाल तिची होती. ‘जा’वरची ती लांबण, ‘उद्या’आधीचा तो श्वास. इतकी वर्षं मनात लागत नव्हता तो आवाज समोर येऊन उभा राहिला. म्हातारा आणि नात हसत बाहेर पडले.

“हे कुठं शिकलात?” त्यांनी विचारलं.

बाईंना वाटलं, आपलं काही चुकलं. त्या सांगू लागल्या. त्या आल्या तेव्हा प्लेअरशेजारी एक बेघर रेकॉर्ड असायची. दुकान बंद करताना ती लावायची, अशी इथली पद्धतच होती. थोरल्यांनीच घालून दिली असेल, सगळ्या शाखांत असेल, असं त्या धरून चालल्या. मऊ तबकडी ती, रोज सुई फिरून झिजत गेली. आवाज पुसट झाला तसा त्या बरोबरीनं म्हणू लागल्या, लोकांना ऐकू जावं म्हणून. “कुठल्या दिवशी ती गप्प झाली आणि मी एकटीच बोलायला लागले, ते माझं मलाच कळलं नाही बघा,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “आणि फोनवर तुम्ही पक्ष्यांची विचारायचात, हो ना? कव्हर होतं रिकामं, पण पक्ष्यांची रेकॉर्ड इथं नव्हतीच.”

बरोबरच होतं. बाई खोटं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. एकदा, फक्त एकदा, फोन सकाळऐवजी संध्याकाळी केला असता, तर मागून बायकोचाच आवाज ऐकू आला असता.

बाईंनी फडक्यात गुंडाळलेली तबकडी काढली. धाकट्यांनी ती स्वतःच्या हातानं लावली आणि कान जवळ नेला. नुसती खरखर. अख्ख्या गावाला रोज घरी पाठवून पाठवून ती संपून गेली होती.

“माझी बायको आहे ती,” धाकटे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, “ते शेवटचं हसू कशाचं, ते मला कधी कळलं नाही. होतं म्हणून मीही हसत आले.”

धाकट्यांना कधी नव्हे ते बोलावंसं वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं, ते काचेचं दार, ते कपाट, तो आचरटपणा. बाईंना नीटसं ध्यानात येईना, म्हणून त्यांनी पारव्याचं कव्हर उघडून डोक्यावर घातलं आणि या वयात ताठ उभं राहून दाखवलं. बाई खळखळून हसल्या. तोंडाला पदर लावून, मोकळं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. धाकटेही हसले. किती दिवसांनी हसत होते, त्यांनाच ठाऊक.

“आता पुन्हा म्हणा,” ते म्हणाले. “पहिल्यासारखं.”

बाईंनी पदर सारखा केला आणि म्हटलं. शब्द तेच आले. पण शेवटी आलं ते त्यांचं स्वतःचं हसू होतं, आत्ताचं, कव्हर घातलेल्या म्हाताऱ्याला हसलेलं. त्यांनाही ते जाणवलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, डोळे मिटून म्हटलं, काउंटरमागे रोजच्या जागी उभं राहून म्हटलं. ‘जा’वरची लांबणसुद्धा आता जरा जास्तच होऊ लागली. हसण्याचं कारण माहीत नव्हतं तोवर ते हसू तिचं होतं. आता त्यांच्या ओठांवर ते काही केल्या येईना, आणि जगात दुसरीकडे ते कुठंच नव्हतं.

“थांबा, एकदा आणखी बघते,” बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

धाकट्यांनी डोक्यावरचं कव्हर काढलं, खरखरणारी तबकडी उचलून त्यात नीट सारली आणि कव्हर छातीशी धरलं.

“असू दे,” ते म्हणाले, पारवा उडाला तेव्हा ती म्हणाली होती तसं. याच्या पुढचं वाक्य बोलायचं माणूस तिथे नव्हतं.