सातशे एकोणीस कुठे गेलं

एमलिन प्रॉसरने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला, गॅसकटर पेटवला आणि ज्योत निळी, टोकदार होईपर्यंत चावी हळूहळू फिरवत राहिला. जुनं वाफेचं इंजिन हौसेने दुरुस्त करणाऱ्या त्या शेडमधले बाकीचे हातातलं काम टाकून त्याच्याकडे पाहत होते. तीन वर्षांत त्याला कुणी गॅसकटरला हात लावताना पाहिलं नव्हतं. दर शनिवारी तो यायचा, गंज खरवडायचा, चहाचे मग धुवायचा आणि कुणी बोलायला आलंच तर पावसापाण्याचे दोन शब्द बोलून पुन्हा आपल्या कामाला लागायचा.

पण आज दुसरा इलाज नव्हता. इंजिनाच्या मागच्या टोकाला, कोळशाचा डबा जिथे जोडतात, तिथली जाड लोखंडी पेटी गंजून पापुद्रे सुटत होते. ती ऐंशी रिव्हेटांनी मुख्य चौकटीला जखडलेली होती. रिव्हेटांची डोकी जाळून काढायची, पण खालच्या चौकटीला चटका बसू द्यायचा नाही. तिथे एक चूक झाली तर चौदा वर्षांची मेहनत पाण्यात. ठरवलेला कारागीर पाठदुखीने अंथरुणाला खिळला होता. शेडचा प्रमुख क्लेमेंट हॅलसॉल डोकं खाजवत उभा असताना मागून आवाज आला होता,

"मी करू का?"

क्लेमेंटने वळून पाहिलं. "जमेल?"

"जमेल."

ज्योत पहिल्या रिव्हेटावर टेकली. डोकं लाल झालं, मग पिवळं, मग जवळजवळ पांढरं. एमलिनचं मनगट एकदाच वळलं आणि सफरचंदाची साल निघावी तसं ते डोकं सुटून खाली पडलं. मग दुसरं, मग तिसरं. तापलेला तुकडा खाली यायच्या आतच त्याचा पाय आपोआप बाजूला होत होता. तो पायाकडे पाहतही नव्हता. बारा रिव्हेटं झाल्यावर त्याने कटर बंद केला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

क्लेमेंटने हातमोजा घालून चौकटीवरून अंगठा फिरवला. कुठे ओरखडा नाही, खड्डा नाही. त्रेचाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस तो, आधी इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन, नंतर ड्रायव्हर. कारखान्यातले चांगले कारागीर त्याने पाहिले होते. ते इतक्याच सफाईने कापायचे, पण थांबत, मोजत, पुन्हा पाहत. हा वेग कारखान्यात शिकवत नसत. तो कुठे शिकवत, हे क्लेमेंटला ठाऊक होतं.

चहाची वेळ झाली तसे सगळे जुन्या डब्यात जमले. रुळांवरून काढून शेडमागे ठेवलेला तो डबा हीच त्यांची चहाची खोली होती. ऑड्री एंटविसलने घरून आणलेली चीज-कांदा भरलेली पेस्ट्री कापायला घेतली. डंकन पिकपने एमलिनच्या पाठीवर थाप मारली. डंकन शाळेत गणित शिकवायचा आणि उत्तरेकडच्या प्रत्येक इंजिनाचा नंबर त्याला तोंडपाठ होता.

"अरे लबाडा! एवढा हुन्नर अंगात, आणि तीन वर्षं चहाचे मग विसळत बसलास? शिकलास कुठे हे?"

एमलिनला खोटं बोलता आलं असतं. जहाजाच्या गोदीत, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने चहाचा मग टेबलावर ठेवला.

"यार्डात," तो म्हणाला. "भंगाराच्या. वेल्समध्ये, आमच्या घराजवळ होतं. एकोणिसाव्या वर्षी लागलो, चार वर्षं होतो."

डंकनचा हात त्याच्या पाठीवरून हळूच निघाला.

"म्हणजे इंजिनं कापायचास तू."

"हो."

"किती कापलीस?"

"शंभरपर्यंत मोजली. मग मोजायचं सोडलं."

डब्यात कुणी चमचाही हलवला नाही. शेडमध्ये उभं असलेलं इंजिन असल्याच एका यार्डातून सोडवून आणलेलं होतं. त्याच्या जोडीची शंभरावर इंजिनं होती, त्यातलं हे एकच उरलेलं.

"आम्ही इथे एकेका नटासाठी देशभर वणवण करतोय," डंकन म्हणाला. "आणि तू तीन वर्षं आमच्यात बसून आमचाच चहा पितोयस. आता काय, पाप धुवायला येतोस?"

"तसं समज हवं तर."

"मग दुसरीकडे कुठे तरी धू की."

एमलिनने मान हलवली. त्यात राग नव्हता. असं कधी तरी होणार हे त्याने धरूनच ठेवलेलं असावं. तो उठला आणि खुंटीवरचा कोट काढू लागला. सगळ्यांनी क्लेमेंटकडे पाहिलं. शेड त्याची, शब्द त्याचा. क्लेमेंट मात्र हातातल्या चहाकडे बघत राहिला.

"एमलिन, जरा थांब," ऑड्री म्हणाली. "मला एक विचारायचंय."

ऑड्री साठीची. गावच्या वाचनालयातून निवृत्त झालेली. इंजिनांवरच्या बारीक रेघा ती रंगवायची, आणि तिच्या रेघेला कुणी पट्टी लावून पाहिली तरी ती सरळच निघायची. तिचे वडील हॅरॉल्ड एंटविसल इथल्याच शेडचे ड्रायव्हर. अकरा वर्षं त्यांनी एकच इंजिन चालवलं. त्याच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे, सातशे एकोणीस, हेच त्याचं घरातलं नाव होतं. शेवटची तीन वर्षं क्लेमेंट त्यांचा फायरमन होता. सदुसष्ट साली इंजिन मोडीत निघालं. पुढच्या वर्षी हॅरॉल्डनी रेल्वे सोडली, एका शाळेत रखवालदार झाले, आणि त्यानंतर स्टेशनकडच्या रस्त्याने ते कधी चालले नाहीत.

"सातशे एकोणीस," ऑड्री म्हणाली. "तुमच्या यार्डात आलं होतं का रे?"

क्लेमेंटचा मग ओठांपाशी थांबला.

एमलिनचा एक हात कोटाच्या बाहीत होता. "कुणाचं ते?"

"माझ्या बाबांचं."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याने बाहीतून हात काढला आणि बाकाच्या कडेला टेकला.

"आलं होतं."

"आठवतंय तुला?"

"काही आठवतात." त्याने कोट बाकावर ठेवला. "ऑक्टोबर असेल. बहुतेक इंजिनं उकिरड्यासारखी यायची बघ, राखेने भरलेली. याच्या कॅबमधलं पितळ पुसलेलं होतं. फावडं धुऊन जागच्या जागी. आमचा मुकादम म्हणाला, हे कुणाचं तरी लाडकं दिसतंय, मागे ठेवा. तीन आठवडे फाटकाशी उभं होतं. तिथून समुद्र दिसायचा."

"आणि मग?"

"मग त्याची पाळी आली." एमलिनने आपल्या हातांकडे पाहिलं. "मीच केलं ते. घिसाडघाई केली नाही. दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही."

ऑड्रीने हळूहळू मान डोलावली. "बाबा फावडं नेहमी धुवायचे."

"दिसत होतं ते."

"चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "बरं झालं तू भेटलास." तिने पेस्ट्रीचा सगळ्यात मोठा तुकडा कापला, बशीत घातला आणि त्याच्यापुढे सरकवला. "बस. गार होतोय."

एमलिन बसला. डंकन खिडकीतून बाहेर बघू लागला. त्यानंतर कुणी काय बोलणार होतं? ड्रायव्हरच्या मुलीनेच त्याला बसायला सांगितलं होतं. थोड्या वेळाने डंकनने किटली उचलली आणि काही न विचारता एमलिनचा मग भरला. बराचसा चहा टेबलावर सांडला.

क्लेमेंट बाहेर येऊन शेडच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

एमलिनने सांगितलेल्यातला एक शब्दही खरा नव्हता. सातशे एकोणीस वेल्सला गेलंच नव्हतं. ते डोंगरापलीकडे यॉर्कशरच्या एका यार्डात गेलं होतं, फेब्रुवारीत. बंद पडलेली इंजिनं ओढून नेताना बेअरिंगांवर नजर ठेवायला, तेल घालायला एक माणूस लागायचा. हॅरॉल्डनी साफ नकार दिला. मग त्यांच्या पंचवीस वर्षांच्या फायरमनला, क्लेमेंटला, विचारलं, आणि तो हो म्हणाला. नोकरी टिकवायची होती. कॅबमधलं पितळ आधीच चोरीला गेलं होतं, काचा फुटलेल्या होत्या, फावडं नव्हतं. इंजिन पोचलं त्याच दुपारी कापायला घेतलं. क्लेमेंट बसथांब्यापर्यंतही गेला नव्हता, तेवढ्यात पहिला पत्रा कोसळल्याचा आवाज त्याच्या मागून आला होता. दुसऱ्या दिवशी हॅरॉल्डनी एवढंच विचारलं, पोचलं? तो म्हणाला, पोचलं. पुढे त्या दोघांत तो विषय कधी निघाला नाही. आणि ऑड्रीला तर त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारी एमलिन पुन्हा रिव्हेटांपाशी उभा होता. क्लेमेंट त्याच्या शेजारी गेला.

"सातशे एकोणीस तुमच्याकडे आलं नव्हतं."

एमलिनने चष्मा वर केला. "नसेल आलं."

"मग हे सगळं कुठून काढलंस?"

"पुसलेलं पितळ एकाचं होतं. समुद्राकडे तोंड करून दुसरंच एक उभं असायचं." तो खालच्या आवाजात बोलत होता. "तिचा चेहरा बघितलास ना, क्लेम? त्या चेहऱ्याला 'आठवत नाही' म्हणून सांगू? खरं तर मला एकाचाही नंबर आठवत नाही. आम्ही नंबर वाचतच नव्हतो. वाचले असते तर हात चालला नसता." त्याने चष्मा पुन्हा खाली घेतला. "तू सांगणार असशील तिला तर सांग. मी येणार नाही पुन्हा."

एमलिनने कटर पेटवला. त्या आवाजात क्लेमेंट आपल्या कामाकडे परतला.

साडेचारला शेड बंद झाली. नेहमीप्रमाणे ऑड्री क्लेमेंटच्या गाडीत बसली. तिचं घर त्याच्या वाटेवर होतं. गाव मागे पडलं, तलाव गेला, रस्ता माळावर चढू लागला. दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि बांधांपलीकडे मेंढ्या. क्लेमेंटने तीनदा घसा साफ केला.

"ऑड्री, एमलिनने ते जे सांगितलं ना—"

"छान सांगितलं त्याने," ती समोर बघत म्हणाली. "सगळं खोटं. पण छान सांगितलं."

गाडी किंचित डावीकडे गेली. क्लेमेंटने ती पुन्हा रस्त्यावर आणली.

"तुला ठाऊक होतं?"

"बाबा गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात बोलले माझ्याजवळ. कुठे गेलं, कुणाबरोबर गेलं, सगळं. म्हणाले, मी जायला हवं होतं, मी पोराला जाऊ दिलं. इंजिनाचं दुःख होतंच त्यांना, क्लेम. पण जास्त सलत होतास तू."

पुढे वळणावर एक ट्रॅक्टर येत होता. क्लेमेंटने गाडी बांधाला लावून त्याला जाऊ दिलं. ट्रॅक्टर गेला तरी गाडी तिथेच उभी राहिली.

"मग त्याला का विचारलंस?" त्याने शेवटी विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"तो कोट घालत होता," ऑड्री म्हणाली. "डंकन त्याला हाकलून देणार होता आणि तू कपात बघत बसला होतास. मला दुसरं काय सुचणार? मला वाटलं, नाही म्हणेल, नाही आलं आमच्याकडे. मग मी म्हणणार होते, बरं झालं, आता बस आणि खा." तिने बाहेर बांधाकडे पाहिलं. "त्याने एवढं सगळं दिलं मला. मी काही तेवढं मागितलं नव्हतं."

क्लेमेंटने गाडी बंद केली. वाऱ्याने गाडी हलत होती.

"सोळा वर्षं झाली तुझ्या बाबांना जाऊन," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुला माहीत होतं. एकदा विचारायचंस मला."

"त्यातली चौदा वर्षं दर शनिवारी मी तुझ्या शेजारी इथे बसतेय," ऑड्री म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. "येताना वीस मिनिटं, जाताना वीस मिनिटं. मी काय रेडिओ ऐकायला येत होते?"

क्लेमेंट दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसला होता. त्या हातांवरच्या डागांकडे पाहून ऑड्रीला एकाएकी जाणवलं की त्या फेब्रुवारीत हा जेमतेम पंचवीस वर्षांचा होता, तिच्याहून चारच वर्षांनी मोठा. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले, आणि लगेच कुठे जायचं नाही असं ठरवल्यासारखी सीटला पाठ टेकली.

"सांग," ती म्हणाली.

एक मेंढी बांधाशी आली, गाडीकडे बघत उभी राहिली आणि निघून गेली.

"मी त्यांच्या सीटवर बसलो नाही," क्लेमेंट म्हणाला. "सहा तास लागले पोचायला. सगळी वाट उभ्यानेच गेलो."