युरोपच्या आधी अल ऐन

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोकांना युरोपला पाठवलं आणि स्वतः एकदाही गेले नाहीत. इथे आखातात, देरा भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात ते नोकरीला होते. दर मे महिन्यात तिथून युरोपला ग्रुप निघायचा, बहुतेक आपलीच मराठी माणसं. पण मे म्हणजे तिकिटांचा मोसम, टेबल सोडून हलायची सोय नाही. म्हणून ग्रुपबरोबर जायचं दुसऱ्या कुणी, आणि निघायच्या आधी सगळ्यांना जमवून चार गोष्टी सांगायच्या ह्यांनी.

त्या चार गोष्टी मला पाठ आहेत. पहिल्या वर्षी त्यांनी त्या माझ्यासमोर, मी पोळ्या लाटत असताना म्हणून बघितल्या होत्या. "नवे बूट घालून विमानात बसू नका. महिनाभर आधी घ्या, खाडीकाठी, क्रीकवर, रोज चाला, चावायचे तेवढे इथेच चावू देत. बॅग अशी घ्या की चार पायऱ्या तुमची तुम्हाला उचलता येईल. तिकडच्या हॉटेलातली लिफ्ट आपल्या फ्रिजएवढी असते. पासपोर्ट बॅगेत नाही, अंगावर. सुटी नाणी खिशात ठेवा, तिकडे बाथरूमला जायलाही पैसे पडतात. बसमधली पुढची सीट कुणाला आंदण दिलेली नाही, रोज एक रांग मागे सरकायचं. गाईडच्या चेहऱ्याकडे बघू नका, त्याने उंच धरलेल्या छत्रीकडे बघा. आणि हरवलात तर चालत सुटू नका. जिथे आहात तिथेच उभे राहा. आम्ही येतो."

"आणि तुम्ही हरवलात तर?" मी विचारलं होतं.

"मी कशाला हरवतोय? मी टेबलावरच असणार," असं म्हणून ते हसले होते.

निवृत्तीनंतर आपण दोघांनी त्याच बसमध्ये बसायचं, असं ठरलं होतं. मग अंतराचं लग्न आलं, तिचं बाळंतपण आलं, करोना आला. आणि त्यानंतर ह्यांना विसरायला होऊ लागलं. सुरुवातीला माणसांची नावं, मग दिवस, मग आपण अल कुसैसला लेकीकडे राहतो हे. घर अजून देरातच आहे असं समजून एकदा ते टॅक्सीत बसले होते. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना कुठे न्यायचं मनात असेल तर यंदाच न्या."

मी दुसऱ्या दिवशी संग्रामला फोन केला. संग्राम ह्यांच्या हाताखाली तयार झाला. आता त्याची स्वतःची टूर कंपनी आहे आणि ग्रुप घेऊन तो स्वतः जातो.

अंतरा चिडली. "आई, बाबांना लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडे वळायचं कळत नाही, आणि तू त्यांना पॅरिसला नेणार? बी प्रॅक्टिकल!"

"मी असेन ना बरोबर."

"तू बाथरूमला गेलीस तर?"

"त्यांना घेऊन जाईन."

"लेडीजमध्ये?" ती म्हणाली, आणि आम्हा दोघींनाही हसू आलं. मग ती माझ्याजवळ बसली. "हे तुला कुणासाठी करायचंय, आई?"

मी म्हटलं, "त्यांच्यासाठी. मी ओळखू येतेय तोवर एकदा त्यांच्या शेजारी त्या बसमध्ये बसायचंय."

संग्रामपासून मी काही लपवलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, सरांना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण माझ्याबरोबर चाळीसएक माणसं असतात. एक जण हरवला की बाकीच्यांचा दिवस जातो, हे सरांनीच मला शिकवलंय. निघण्याआधी आम्ही सगळ्या ग्रुपला एक दिवस जवळच्या अल ऐन गावी नेतो. ओळखी होतात, कोण वेळेवर बसपाशी येतं, कोण खरेदीत रमतं, ते मला कळतं. तुम्ही दोघं या. सर दिवसभर ग्रुपबरोबर राहिले तर मी नेतो. नाहीतर मला माफ करा."

म्हणजे एका दिवसावर सगळं येऊन ठेपलं होतं.

त्या शनिवारी ह्यांनी स्वतःहून दाढी केली. फिकट निळा शर्ट मीच काढून दिला, पण बटणं त्यांनी नीट लावली. बसच्या दारात संग्राम वाकून पाया पडला तर म्हणाले, "अरे, टूर मॅनेजरने पाया पडायचं नसतं. माणसं मोजायची." तो मान वर करून माझ्याकडे बघून हसला. ड्रायव्हरने "यल्ला", म्हणजे चला, म्हणत दार लावलं आणि आम्ही निघालो.

आमच्या मागच्या सीटवर संध्या आणि तिचे मिस्टर विजयकुमार होते. मूळचे पुण्याचे, अबू धाबीत नोकरी, यंदा निवृत्त. संध्या बोलकी. वाळवंट सुरू व्हायच्या आत तिने मला तिच्या दोन्ही सुनांबद्दल सांगून टाकलं होतं.

अर्ध्या वाटेत संग्रामने माइक ह्यांच्या हातात दिला. मी तो परत घ्यायला हात पुढे केला. पण ते उठले, सीटला पाठ टेकवून उभे राहिले, आणि भाषण सुरू झालं. बूट, बॅग, पासपोर्ट, नाणी, सगळं त्याच क्रमाने. मध्येच म्हणाले, "खाऊ जरूर न्या. पण हॉटेलच्या खोलीत पोहे परतू नका. धुराचा अलार्म वाजतो, आणि मग सगळं हॉटेल नाइट ड्रेसमध्ये रस्त्यावर उभं राहतं. आपल्या एका मेंबरांनी व्हिएन्नात हे करून दाखवलंय."

"पोहे तरी मिळाले का हो त्यांना?" मागून कुणीतरी ओरडलं.

"फायर ब्रिगेडने खाल्ले," हे म्हणाले.

सगळी बस हसली, टाळ्या पडल्या. संध्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शोभनाताई, काय मिश्कील आहेत हो तुमचे! यांना न्यायलाच हवं." हे खाली बसले, त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं आणि मला विचारलं, "बरं झालं का गं?" मी म्हटलं, "झकास." त्या क्षणी मला वाटलं, आपण स्वित्झर्लंडला पोचलोच.

अल ऐनच्या खजुरांच्या बागेत आम्ही अकराच्या सुमाराला उतरलो. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: आत उंच मातीच्या भिंती आहेत, भिंतींमधून अरुंद वाटा, बाजूने पाटाचं पाणी. एक वाट दुसरीसारखीच दिसते. मी ह्यांचा हात सोडला नाही. ते पाण्याशी वाकले, ओंजळ भरून घेतली, आणि म्हणाले, "आपल्या गावचा पाट." मी हो म्हटलं.

मग चहासाठी थांबलो. ह्यांना मी सगळ्यांबरोबर बाकावर बसवलं आणि समोरच, दहा पावलांवर, करक, म्हणजे इथल्या दाट दुधाच्या चहाच्या रांगेत उभी राहिले. माझी पाठ वळली ती दोन कप घेण्यापुरती.

वळून बघते तर बाक रिकामा.

"अहो!" मी हाक मारली. "अहो, कुठे आहात?"

माझ्या आजूबाजूच्या चार-पाच पुरुषांनी एकदम मागे वळून पाहिलं. त्यातला एक हसून म्हणाला, "काकू, कुठले अहो हवेत? इथे बरेच आहेत." बायका हसल्या. त्यांना काय माहीत! आमच्या वयाच्या सगळ्या बायका नवऱ्याला तशीच हाक मारणार. चहा माझ्या हातावर सांडला तो मला नंतर जाणवला.

एवढ्यात विजयकुमार शेजारच्या उपाहारगृहातून बाहेर आले. "आमची संध्या कुठे गेली?"

आम्ही दोघं भिंतीच्या कडेने वळलो, आणि वाटेच्या टोकाला ते मला दिसले. संध्या पुढे चालली होती, मागे न बघता बोलत होती, सुनांचंच काहीतरी. आणि तिच्या मागे, तिची खांद्याची पिशवी हातात घेऊन, हे.

झालं होतं एवढंच. संध्याने बाकापाशी येऊन आपल्या नवऱ्याला म्हणून हाक मारली होती, "अहो, चला, फोटो काढू," आणि नवरा मागून येतोय असं धरून ती चालू लागली होती. नवरा आत हात धूत होता. ती हाक ऐकून हे उठले. बाकावरची बाईमाणसाची पिशवी उचलली, आयुष्यभर माझी उचलत आले तशी, आणि निघाले.

"अगं, जरा हळू चाल," ते तिला म्हणाले. "बूट चावतोय."

संध्या वळली आणि जागीच थिजली. "अगं बाई! काका तुम्ही?"

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "मी किती शोधलं! असं जायचं का न सांगता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, घाबरून नाही. फार सौजन्याने पाहिलं. हळूच दंड सोडवून घेतला आणि म्हणाले, "घाबरू नका बाई. ग्रुप कुठला तुमचा? इथेच उभ्या राहा, हलू नका. मी गाईडला सांगतो."

संध्या रडायलाच लागली. "ताई, आईशप्पथ, मी वळूनच बघितलं नाही हो!" मी तिला म्हटलं, "तुझं काय चुकलं? आपण कुणी वळून बघतो का? ते मागे असतातच." आणि तिच्या पिशवीचा बंद ह्यांच्या बोटांतून सोडवून घेतला.

संग्राम आला. सगळं ऐकल्यावर त्याने मला भिंतीच्या सावलीत नेलं. "काकू, तुम्ही सरांना नावाने हाक मारून बघा."

"मी?"

"बसमध्ये वीस बायका 'अहो' म्हणणाऱ्या आहेत. तिकडे स्टेशनवर, गर्दीत, काय होईल? पण नाव एकट्या सरांचं आहे."

लग्नाला बावन्न वर्षं झाली. उखाण्याखेरीज मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. बँकेत विचारलं तरी मी कागदावर बोट ठेवते. पण मी वळले. ते एका खजुराखाली उभे राहून झाडाचं खोड न्याहाळत होते.

"शैलेंद्र!" मी हाक मारली. माझा आवाज मलाच परका वाटला.

ते ताबडतोब वळले. भराभर चालत आले, अगदी माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हात मागे बांधले. "येस मॅडम. बोला."

ऑफिसात त्यांना सगळे नावानेच हाक मारायचे. लेबनीज मॅनेजरबाई, फिलिपिनो मुली, तिकीट घ्यायला येणारी गोरी गिऱ्हाइकं. त्या हाकेला ते कधी चुकले नव्हते आणि आजही चुकले नाहीत.

संग्रामचा चेहरा खुलला. "बघा! जमलं, काकू. तुम्ही फक्त नावाने हाक मारत राहा. मी नेतो सरांना. शब्द दिला."

दिवसभर मी तेच केलं. जेवायला, बसमध्ये चढायला, हात धुवायला. प्रत्येक वेळी ते आले. एकदाही चुकले नाहीत. प्रत्येक वेळी "येस मॅडम."

परतीच्या वाटेवर मी त्यांना खिडकी दिली. सूर्य कलला होता, वाळू तांबूस दिसत होती. बराच वेळ बाहेर बघून ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचे मिस्टर नाही आले?"

मी समोर बोट दाखवलं. "आलेत ना. पुढे बसलेत."

"असं," ते म्हणाले. थोडं पुढे वाकून त्यांनी सगळ्या सीटा नजरेखालून घातल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

अल कुसैसला आमच्या बिल्डिंगखाली उतरलो तेव्हा संग्रामही बसमधून उतरला. "काकू, सोमवारी पासपोर्ट द्या. शेंगेनच्या, म्हणजे युरोपच्या, व्हिसाची तारीख घेतो."

"नको रे बाबा. आमची नावं काढ."

"अहो पण जमलं ना! दिवसभर सर ग्रुप सोडून कुठे गेले नाहीत."

"जमलं म्हणूनच नको. टूरचे दोन आठवडे मी त्यांना नावाने हाका मारल्या, तर परत आल्यावर त्यांच्या घरात राहणारी मी कोण?"

त्याने ह्यांच्या पायांना हात लावला. या वेळी हे म्हणाले, "सुखी राहा," जसं कुणाही मुलाला म्हणावं तसं.

अंतरा दारातच उभी होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. हे गॅलरीत जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं, साखर घातली, आणि हाक मारायला मला धीर होईना. चहा उकळून वर आला तरी मी तशीच उभी. "मी बोलावू का बाबांना?" अंतराने विचारलं. मी मानेनेच नको म्हटलं.

या घरात ही हाक मारणारी मी एकटीच आहे.

"अहो," मी म्हटलं. "चहा झालाय."

गॅलरीतली खुर्ची सरकली. "आलो गं," ते म्हणाले, आणि आले. माझ्या समोरच्या, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"आज सहलीत एक बाई भेटल्या," ते म्हणाले. "तुझ्याच वयाच्या असतील. दिवसभर एकट्याच होत्या बिचाऱ्या. मला सारख्या हाका मारत होत्या."

"हो का?"

"त्यांचे मिस्टर म्हणे पुढे बसले होते. मी बघितलं. एकदासुद्धा त्या माणसाने मागे वळून पाहिलं नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "कसली गं माणसं असतात! बायकोला असं एकटं सोडतात का?"

अंतरा तोंडावर ओढणी धरून आत गेली.

"त्यांना कळलं नसेल," मी म्हटलं, आणि त्यांच्या बशीत उरलेला चहा ओतला.