चालत्या गाडीला कुलूप

स्पिरिदोनची गाडी ऑक्टोबरात सुरू झाली की एप्रिल उजाडेपर्यंत बंद व्हायची नाही. चाळीस वर्षांचं ते धूड. पावाच्या लादीसारख्या आकारावरून सायबेरियातलं सगळं याकुतिया तिला पावच म्हणतं. उणे चोपन्न अंशांत इंजिन थंड पडलं की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. म्हणून ती अंगणात जाड रजई पांघरून रात्रंदिवस घुरघुरत असायची आणि स्पिरिदोन डोळ्यांत तेल घालून तिची राखण करायचा.

तरी कोणीतरी गाडीत शिरत होतं. आठवड्यात तीनदा त्याला चोक ओढलेला सापडला, केबिनमध्ये स्वस्त तंबाखूचा वास आला, आणि बर्फात मोठ्या बुटांचे ठसे दिसले. ठसे शेजारच्या कुंपणाच्या फटीपर्यंत जात होते. पलीकडे तेरेंती राहायचा. कुरणाची हद्द कोणी सरकवली यावरून दोघांचं चार वर्षं बोलणं बंद होतं.

स्पिरिदोनने काठी घालून टाकी मोजली. पेट्रोल जागच्या जागी होतं. त्याचा संशय आणखीच बळावला. चोर परवडला, काहीतरी घेऊन तरी जातो.

"टाकीत साखर टाकत असणार," तो बायकोला म्हणाला.

"तुझ्या तोंडात टाकली असती तर बरं झालं असतं," अकुलिना म्हणाली. "कधीतरी गोड बोलला असतास."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यांचे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी वर्षातून एकदाच विमानाने यायचे. गेल्या वर्षीची पाळी हिमवादळात हुकली होती. यंदाची पाळी उद्या सकाळी नऊला होती आणि त्यासाठी गोठलेल्या नदीवरून दीडशे किलोमीटर जायचं होतं. दुपारी तीनला निघायचं ठरलं. अशा दिवशी तेरेंतीच्या भरवशावर गाडी सोडायची? स्पिरिदोनने सगळ्या दारांना कड्या बसवून कुलपं ठोकली.

"हिवाळ्यात चालत्या गाडीला कुलूप?" अकुलिना हादरलीच. "वाटेनं कोणी गारठून आला तर बसेल कुठे? आपल्या गावात असं कोणी केलंय का कधी?"

"बसू दे तेरेंतीच्या मांडीवर."

जेवण झालं, माशाचं सूप पोटात गेलं, आणि स्पिरिदोन जरा आडवा होणार तोच दार धाडधाड वाजलं. त्याने खिडकीवरचं हिव नखाने खरवडलं. तेरेंती! तोंडाने काहीबाही ओरडत होता, गाडीकडे हात करत होता. तीन काचांतून आणि कातडं ठोकलेल्या दारातून शब्द कळत नव्हता.

"बघ, कुलपं पाहून पोटात दुखलं त्याच्या!"

"अरे, दार उघड," अकुलिना चाचपडत उठली.

"मुळीच नाही." तो दाराला पाठ लावून उभा राहिला. बराच वेळ दार हादरत राहिलं, मग थांबलं. स्पिरिदोन लढाई जिंकल्यासारखा झोपला.

पावणेतीनला तो बाहेर आला. अंगणात काही वाजत नव्हतं. इंजिन बंद होतं, आणि गाडीच्या पोटाखालून हात लावला तर ते पार गारठलं होतं. त्याने कुलपात किल्ली घातली, ती फिरेना; कुलूपही गोठलं होतं. अकुलिनाचे डोळे आपण आपल्या हाताने घालवले, हे त्याला तिथेच कळलं.

"सरक," मागून आवाज आला.

तेरेंती उभा होता. एका हातात ज्योत फेकणारा, इंजिन शेकायचा धडधडता दिवा, दुसऱ्या हातात वाफाळत्या तेलाची बादली, आणि कोटात छातीशी धरलेली बॅटरी. तो जुन्या वळणाचा माणूस. थिजू नये म्हणून रोज आपल्या ट्रकचं तेल काढून चुलीजवळ ठेवायचा, बॅटरी पलंगाखाली.

"दोन तासांपूर्वीच गचकलं," कुलपावर ज्योत धरत तो म्हणाला. "दार बडवून हात सुजले माझे. इंजिन आत सीटांच्या मध्ये, आणि दारांना तुझी कुलपं. तेव्हा उघडलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं. तुझ्या पेट्रोलात पाणी शिरलंय, नळीत बर्फ धरतो. या आठवड्यात चौथ्यांदा बंद पडलीय."

"तुला कसं कळतं?"

"माझी खिडकी इकडेच आहे. घुरघुर थांबली की मला जाग येते."

गाडीच्या पोटाखाली दिवा लावून त्यांनी आधी थिजलेलं तेल काढलं, मग नळी मोकळी केली. स्पिरिदोनने बादली उचलली, आणि गरम तेल ओतण्याआधी वाकून त्याचा वास घेतला. मान वर केली तर तेरेंती बघत होता.

"चाटूनही बघ," तो म्हणाला.

सहाच्या सुमाराला इंजिन खोकत, धूर ओकत सुरू झालं. अकुलिनाला रजयांत गुंडाळून पुढे बसवलं. तेरेंती दिवा घेऊन न विचारताच मागे चढला.

"वाटेत पुन्हा गचकेल," तो म्हणाला आणि टोपी डोळ्यांवर ओढून घोरायला लागला. शेजारच्या अंगणात त्याचा ट्रक बिनतेलाचा, बिनबॅटरीचा उभा होता.

गाडी नदीवर उतरली तसा स्पिरिदोन हळूच म्हणाला, "तो येतो हे तुला ठाऊक होतं?"

"त्याची पावलं ओळखते मी. डोळे गेलेत, कान नाही गेले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं," अकुलिना म्हणाली, "तर तू कुलूप आठ दिवस आधीच लावलं असतंस."